चौदा गाण्यांपुरती जागा

आप्पांचं गाण्याचं यंत्र टाकीत पडलं तेव्हा हिरवा रंग ऐन उकळीला आला होता. रंग मुरत असताना टाकीत दांड्याशिवाय काही घालायचं नाही हा आप्पांचाच नियम, त्यामुळे ते बिचारं लोकरीबरोबर शिजत राहिलं. उरलेली दोन गाणी आप्पांनी आणि मी तोंडानं म्हणून पुरी केली आणि मगच लडी वर काढल्या. लोकर झकास रंगली होती. यंत्रही हिरवंगार निघालं, पण त्यानंतर त्याच्या तोंडून शब्द फुटला नाही.

आप्पा म्हणजे माझे वडील. आमची लोकर रंगवायची शेड आहे. चार टाक्या, धुण्याचा एक लांबलचक हौद, लडी वाळत घालायला ताणलेल्या तारा आणि माणसं दोन. आप्पा टाकीपाशी, मी हौदापाशी. मी शाळा सोडून कामाला लागले तेव्हा ही वाटणी झाली, आणि माझी स्वतःची मुलगी नोकरीला लागली तरी तीच चालू होती. आप्पा ढवळणार, मी धुणार. लडी फिरवायचा तो लांब लाकडी दांडा मी आप्पांकडे किती वेळा मागितला असेल त्याला गणती नाही. "अजून मी आहे ना," एवढं म्हणून ते विषय मिटवायचे. मी चिडायची, बादल्या आदळायची, दोन दिवस अबोला धरायची आणि तिसऱ्या दिवशी निमूटपणे हौदापाशी उभी राहायची.

आता गाण्यांचं सांगते. रंगात सगळा खेळ वेळेचा. लोकर दोन मिनिटं जास्त राहिली तर आकाशी मागणाऱ्याच्या हातात निळी पडते. पण आमच्या शेडमध्ये घड्याळ नाही. एक होतं, त्याची काच वाफेनं कायम धुरकटलेली असायची. शिवाय आप्पांचं म्हणणं असं, की घड्याळ बघायला मान वळवावी लागते आणि मान वळली की लोकरीवरची नजर हटते. गाणं आपणहून संपतं. म्हणून आप्पांच्या वहीत प्रत्येक रंगापुढे मिनिटांच्या जागी गाणी लिहिलेली आहेत. एकूण गाणी चौदा, आणि त्यांची नावं आम्ही ठेवलेली. एक रडकं, एक नावाड्याचं, एक दोन बहिणींचं, एक खोकल्याचं, कारण त्यात गायक सुरुवातीलाच घसा साफ करतो. विटकरी म्हणजे नावाड्याचं चारदा. शेवाळी म्हणजे दोन बहिणींचं तीनदा आणि वर एक खोकल्याचं. परक्या माणसानं ती वही वाचली तर हे घर वेड्यांचं आहे असंच तो म्हणेल, पण तीस वर्षांत आमचा एक रंग चुकला नव्हता.

ही गाणी आधी विकतच्या कॅसेटवर होती आणि शेडमधल्या टेपरेकॉर्डरवर वाजायची. पुढे टेप फारच कुरकुर करायला लागला तेव्हा एका दुकानदारानं त्याच टेपला वायर जोडून चौदाच्या चौदा गाणी अंगठ्याएवढ्या यंत्रात भरून दिली. तेच यंत्र आता शिजलं होतं.

नवं केवढं घ्यायचं यावर घरात सभा भरली. मोबाइलचं नाव काढायची सोय नव्हती. मध्येच कुणाचा फोन आला की गाणं तुटतं, आणि गाणं तुटलं की लोकर गेली. माझा नवरा शाळेत खेळ शिकवतो. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं, मीसुद्धा. मास्तरांना मोजायची भारी हौस, गळ्यात स्टॉपवॉच घालूनच ते जन्माला आले असावेत. त्यांनी कागद घेतला आणि चौदा गाण्यांना किती जागा लागते ते काढलं. दुकानातलं सगळ्यात लहान यंत्र आठ जीबीचं होतं, आणि आप्पांची गाणी त्याच्या एका कोपऱ्यात बसून बाकी सगळं रिकामं राहणार असं उत्तर आलं. म्हणजे आठसुद्धा उधळपट्टीच, असा निकाल मास्तरांनी दिला.

ते ऐकून मी एकशे अठ्ठावीस जीबीचं आणलं.

माझा स्वभावच तो. मला डबे मोठे लागतात, पिशव्या मोठ्या लागतात, बादल्या तर विचारूच नका. जागा उरली तर उरू दे, पण कमी पडली तर कुणाच्या तोंडाकडे बघायचं? दुकानातला माणूस म्हणाला, यात तीस हजार गाणी मावतात. घरी आल्यावर मास्तरांनी पुन्हा कागद घेतला आणि सांगितलं, की रोज आठ तास ऐकत बसलं तरी सगळी एकदा ऐकून व्हायला आठ महिने लागतील. मी म्हटलं, मग काय झालं, आप्पांना कुठे गाडी गाठायची आहे?

मग ती जागा भरायचं मी मनावर घेतलं. तीन दुपारी कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसले. आधी ती चौदा शोधली, आणि उगाच हाताला लागतील ती घेतली नाहीत. खरखर नसलेली, धुऊनपुसून लख्ख केलेली घेतली. त्यांच्यामागे बाकीची भरत सुटले. नाचाची, अंगाईची, नुसत्या बासरीची, ज्यांची भाषा कळत नाही अशीसुद्धा. नऊ हजारांवर मला कंटाळा आला. यंत्र आप्पांच्या हातात ठेवताना मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता आणि तो लपवायचा मी प्रयत्नही केला नाही.

आप्पांनी पहिल्यांदा रडकं लावलं. पुरतं ऐकलं आणि म्हणाले, बाई थकल्यासारखी वाटते. मी म्हटलं, आप्पा, बाई तीच आहे, गाणं तेच आहे, आता स्वच्छ ऐकू येतंय एवढंच. त्यावर ते म्हणाले, असेल, माझेच कान आता पूर्वीसारखे राहिले नसतील. त्यांच्या या बोलण्याकडे मी काही लक्ष दिलं नाही. मी माझ्या नऊ हजारांच्या कौतुकात होते.

आठवड्याभरानं गालिचेवाली आली. ही बाई जुने गालिचे दुरुस्त करते आणि तिची लोकर वीस वर्षं आमच्याकडेच रंगते. विणायची लोकर विकणाऱ्याला रंग थोडा गडद झाला तरी चालतो, उलट तो खूश होतो. गालिचेवालीचं तसं नाही. जुन्या विणीत नवी लोकर भरायची तर छटा तंतोतंत लागते, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याला ठिगळ दिसतं. या वेळी तिच्याकडे एका मोठ्या सभागृहाच्या जिन्यावरचा गालिचा आला होता आणि तिला राखाडी निळा हवा होता. वहीप्रमाणे राखाडी निळा म्हणजे रडकं पाचदा. आप्पांनी पाचदा लावलं, लडी काढल्या. मी धुतल्या, वाळवल्या. गालिचेवालीनं दाराच्या उजेडात लडी गालिच्याच्या तुकड्यावर ठेवली आणि ती गप्प झाली. एरवी या बाईच्या तोंडाला खळ नसतो. शेवटी तिनं विचारलं, आप्पा, जरासा गडद वाटतोय का? आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. गडद होता.

दुसरा घाणा आप्पांनी डोळ्यांत तेल घालून लावला. रंगाचं वजन दोनदा केलं, पाणी मोजलं, आच तपासली, आणि पाचही वेळा रडकं शेवटच्या सुरापर्यंत होऊ दिलं. तोही गडदच निघाला.

तेव्हापासून आप्पा वेगळे वागायला लागले. वाळलेली लडी घेऊन दारात जायचे, मग खिडकीपाशी जायचे, मग माझ्याजवळ येऊन विचारायचे, ही कशी वाटते गं? मला त्यांनी आयुष्यात कधी रंगाबद्दल मत विचारलं नव्हतं. इतकी वर्षं मी त्याच प्रश्नाची वाट बघत होते, आणि तो आला तो असा. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. वयाच्या मानानं डोळे उत्तम आहेत असं डॉक्टर म्हणाला. आप्पांचा विश्वास बसला नाही. परत येताना म्हणाले, त्यानं मला अक्षरं दाखवली, निळा कुठे दाखवला?

सोमवारी सकाळी मी हौदाचा नळ सोडत होते. आप्पा आले आणि त्यांनी दांडा माझ्या हातात दिला.

"आजपासून तू," ते म्हणाले. "माझे कान गेले, आता डोळेही चालले. कुणाचं काम नासवून मला इथून उठायचं नाही."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? अंगावर काटा आला इतका आनंद झाला, आणि लगेच त्याची लाज वाटली. आप्पा दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसले आणि लडींना बांधायच्या चिठ्ठ्या सरळ करायला लागले. हे काम आम्ही आजवर मुद्दाम कधी केलंच नव्हतं.

तिसरा घाणा मी लावला. वही उघडून समोर ठेवली. रडकं एकदा, दोनदा, चारदा झालं. पाचव्यांदा ते निम्म्यावर आलं असेल तेव्हा दांड्यावर उचललेली लडी मला पुरेशी वाटली. ओला रंग वाळल्यावर किती उतरतो हे मला कुणी शिकवायला नको. आप्पांनी तीस वर्षांत रंगवलेली लडी न् लडी माझ्या हातून धुतली गेली आहे. हा राखाडी निळा आत्ता बरोबर होता, आणि गाण्यातली बाई अजून मधल्या कडव्यात रडत होती. मी मागे वळून पाहिलं. आप्पा चिठ्ठ्यांत मान घालून बसले होते. मी लडी बाहेर काढल्या.

दुसऱ्या दिवशी वाळलेली लडी गालिच्यावर ठेवली तर तुकडा कुठे संपतो आणि लडी कुठे सुरू होते ते दिसेना. गालिचेवालीचं तोंड पुन्हा सुरू झालं. लोकर उराशी धरून, माझ्या पाठीत धपाटा घालून ती गेली. आप्पा म्हणाले, छान झालाय रंग. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हेवा नव्हता, आणि तेच मला सोसवेना.

त्याच दुपारी आप्पा जेवायला घरी गेले होते आणि मी हौद घासत होते. यंत्रावर रडकं चालू होतं आणि घासता घासता मीही गुणगुणत होते. माझं गाणं संपलं. बाईचं संपलं नव्हतं. मी ते परत लावलं, परत म्हटलं. परत मीच आधी पोचले. सूरही जुळेना, माझा आपला वरच्या पट्टीतच जात होता. मी काही गाणारी नव्हे, पण हे गाणं मी जेवढं ऐकलंय तेवढं स्वतःचं नावसुद्धा ऐकलेलं नाही. मी मास्तरांना बोलावून घेतलं. त्यांनी शेडच्या माळ्यावरून जुना टेप काढला, लोकरीची धूळ झटकली, कॅसेट लावली आणि स्टॉपवॉच दाबलं. टेपवर रडकं साडेचार मिनिटांत संपलं. नव्या यंत्रावर त्याला पाच मिनिटं लागली. मास्तरांनी दोन्ही चारचारदा मोजून पाहिलं, कारण एकदा मोजून त्यांचं कधीच भागत नाही.

मग मला आठवलं. टेप नवा असतानाच त्याची मोटर जळली होती आणि दुरुस्त करणाऱ्यानं भलत्याच मशिनची मोटर बसवली होती. तेव्हापासून आमचा टेप घाईत चालत होता. वही त्या घाईवर लिहिली गेली, अंगठ्याएवढ्या यंत्रानंही ती घाई जशीच्या तशी उतरवून घेतली. धुतलेली, लख्ख, खऱ्या चालीची गाणी या शेडमध्ये पहिल्यांदा आणली ती मी. पाचदा रडकं म्हणजे साडेबावीस मिनिटं, ती मी पंचवीस करून ठेवली होती. आप्पांच्या कानांना काही झालं नव्हतं, बाई खरोखरच हळू गात होती. डोळ्यांनाही काही झालं नव्हतं.

मास्तर म्हणाले, जा, आत्ताच्या आत्ता सांग. मी म्हटलं, उद्या सांगते.

बुधवारी मी विटकरी रंगवला, गुरुवारी शेवाळी. गाणी लावली होती, पण मी लोकरीकडे बघत होते. दोन्ही रंग जसे हवे तसे आले. खांदे भरून आले होते आणि मी इतकी खुशीत होते, की मास्तरांची नजर चुकवत फिरत होते. सांगितलं असतं तर माझी चूक कबूल करावी लागली असती, आणि ते मला कधीच जमत नाही. पण खरं कारण ते नव्हतं. सांगितलं असतं तर दांडा गेला असता. आप्पा आल्या-गेल्याला सांगत होते, आता मुलीला विचारा. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करत होते.

शुक्रवारी सकाळी आप्पा गठ्ठे बांधत होते. एक लडी घेऊन माझ्याकडे आले आणि त्यांनी हळूच विचारलं, ही हिरवीच ना गं? ती हिरवीच होती. आंधळ्यालाही कळली असती इतकी हिरवी होती. त्यांना ती दिसत नव्हती असं नाही. स्वतःला दिसतं त्यावरच त्यांचा भरवसा उरला नव्हता. तो मी घालवला होता, आणि तीन दिवस तसाच घालवून ठेवला होता.

मी दांडा खाली ठेवला, माळ्यावरून टेप काढला, आप्पांच्या समोर ठेवून रडकं वाजवलं. मग नव्या यंत्रावर वाजवलं. मोटरची गोष्ट सांगितली, मिनिटं सांगितली. आप्पा ऐकत राहिले.

"तुला कधी कळलं?"

"मंगळवारी."

"आज शुक्रवार."

"दांडा जाईल म्हणून बोलले नाही," मी म्हटलं. "मी वाईट आहे, आप्पा."

आप्पा हसायला लागले. आधी नुसते खांदे हलत होते, मग स्टुलाला धरून हसले, डोळे पुसून पुन्हा हसले. गेले पंधरा दिवस त्यांचा चेहरा किती आक्रसला होता ते मला तो सैल झाल्यावर कळलं. मग त्यांनी फळीवरची गडद लडी काढली आणि दारात नेऊन उजेडात धरली.

"ही मला टाकीतच दिसली होती," ते म्हणाले. "दोन्ही वेळा. गाणं निम्म्यावर होतं आणि मला दिसलं, की झालं, आता काढावी. पण गाणं संपलं नव्हतं ना. मी गाण्याचं ऐकलं." ते माझ्याकडे वळले. "तुझंही गाणं संपलं नव्हतं."

"नव्हतं."

"तरी तू काढलीस."

मी दांडा उचलून त्यांच्यापुढे धरला. मास्तर एका दुपारीत चौदाही गाणी पूर्वीच्या वेगाची करून देणार आहेत, सगळं होतं तसं होईल, असं सांगितलं. आप्पांनी दांडा घेतला, दोन्ही हातांत तोलून पाहिला आणि परत माझ्याच हातात दिला.

"सोमवारी मी म्हातारा झालो म्हणून दिला होता," ते म्हणाले. "आज तुला दिसतं म्हणून देतोय."

मला रडू कोसळलं. मी ते लपवलं नाही. चाळिशी ओलांडलेल्या बाईनं बापासमोर रडू नये असा काही नियम आमच्या शेडमध्ये नाही.

संध्याकाळी मास्तर आले आणि सगळं ऐकून त्यांनी आपला मुद्दा काढलाच. म्हणाले, म्हणजे चौदा गाणीसुद्धा आता कामाला नकोत, मग एवढं मोठं यंत्र हवंय कशाला? मी तोंड उघडणार तेवढ्यात आप्पांनी ते यंत्र माझ्यापुढे केलं.

"यातली ती चौदा काढून टाक," ते म्हणाले. "बाकीची राहू देत."

ज्या चौदांसाठी एवढं रामायण झालं, तीच त्यांना नको होती.

"तीस वर्षांत ती गाणी मी ऐकलीच नाहीत गं. नुसती संपायची वाट बघितली. आता मला असं काहीतरी लाव, की जे संपणार कधी ते मला ठाऊक नाही."

मी नऊ हजारांतलं हाताला लागलं ते लावलं. आमच्यापैकी कुणालाच त्याची भाषा कळत नव्हती. आप्पा भिंतीला पाठ टेकून बसले, त्यांचे रंगानं डागाळलेले हात मांडीवर मोकळे पडले होते. ते गाणं कधी संपलं आणि दुसरं कधी सुरू झालं, ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.